हिमानीच्या नावाचा लेख

हिमानी खांबेटे तीन वर्षांची असताना आईच्या कडेवर बसून अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आली. आता ती वीस वर्षांची आहे आणि ठाण्यातलं आजोळ तिला व्हिडिओ कॉलपुरतं माहीत आहे. कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकते. निवडणुकीच्या दिवसांत टेबल मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘व्होट केलंत का?’ म्हणून अडवते. तिला स्वतःला या देशात मत नाही, मतं मात्र ढीगभर. शनिवारी घरी जेवायला आली की सुरू: मतदारसंघांच्या रेषा कोणी वाकड्या ओढल्या, न्यायाधीशासमोर उभं न करता माणसं उचलून नेणं कसं चूक आहे. बाबा, म्हणजे मनोहरराव, आमटी वाढून घेत ‘बरोबर, बरोबर’ म्हणतात आणि आई, नीलांबरी, पोळी पुढे सरकवते. बोलणाऱ्या पोरीचं तोंड पोळीनं बंद करता येतं असा आपल्याकडे पूर्वापार समज आहे.

कॉलेजच्या पेपरात ती लिहायचीही. ऑक्टोबरात तिनं ग्रीन्सबरोवर लेख लिहिला. ते गाव तिच्या घरापासून तासाभरावर. तिथे १९६० साली चार कृष्णवर्णीय विद्यार्थी, फक्त गोऱ्यांनाच वाढणाऱ्या काउंटरवर जाऊन बसले होते, आणि वाढलं नाही तरी उठले नव्हते. हिमानीनं लिहिलं होतं: ‘हक्क म्हणजे पाहुण्याला विचारलेला चहा नव्हे, की यजमानाला वाटलं तर दिला, नाही तर नाही.’ खाली तिचं पूर्ण नाव आणि हसरा फोटो होता. इतका अभिमान तिला कशाचाच वाटला नव्हता.

मार्चमध्ये तिला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी बाबांच्या व्हिसावरचं तिचं नाव आपोआप गळणार, आणि पुढे राहायचं तर स्वतःचा स्टुडंट व्हिसा हवा. त्यासाठी फेब्रुवारीत मुंबईला इंटरव्ह्यू ठरला होता. फॉर्मवर सोशल मीडियाची सगळी खाती लिहायची होती आणि ती कोणालाही पाहता येतील अशी उघडी ठेवायची होती. हिमानीनं बेधडक लिहिली. लहानपणी आईनंच शिकवलं होतं, कर नाही त्याला डर कशाला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिचा एक फोटो नाहीसा झाला, खात्यावरूनही आणि फोनमधूनही. जवळच्या राले शहरातल्या मोर्चातला, हातात फलक घेतलेला. आपणच चुकून डिलीट केला असेल, असं तिनं मानलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेला. मग रोज एक, जुन्याकडून नव्याकडे, रांगेनं. तिसऱ्या दिवशी तिनं लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. हॉस्टेलसमोर एक पांढरी गाडी उभी असायची, आत कोणी नसायचं. पण हिमानी तिच्याजवळून जाताना मान खाली घालू लागली. पाचव्या दिवशी तिनं पेपरची वेबसाइट उघडली. ग्रीन्सबरोचा लेख होता. फोटो नव्हता. नावाच्या जागी नुसतं ‘स्टाफ’ होतं.

तिनं पेपरच्या संपादकाला, अमनला, विचारलं.

“तूच मेल केलीस ना यार,” अमन म्हणाला आणि त्यानं ती दाखवली.

मेल तिच्याच खात्यावरून गेली होती, मंगळवारी दुपारी दोनला. त्या वेळी ती वर्गात होती. ‘हाय अमन, सो सॉरी, परत त्रास देतेय! सध्यापुरतं माझं नाव काढून नुसतं स्टाफ ठेवशील? लाँग स्टोरी. यू आर द बेस्ट.’ उद्गारचिन्ह ती जिथे टाकते तिथेच होतं. सॉरीच्या आधीचं ‘सो’ तिचंच. हिमानीनं ती मेल चारदा वाचली, आणि चौथ्यांदा तिला वाटलं की आपणच लिहिली असावी. तिला भीती वाटली, चोरापेक्षा स्वतःचीच जास्त. ‘बरं, मी बघते,’ एवढंच म्हणून ती निघाली.

त्या शनिवारी शोभना काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आई तिला ओढूनच घेऊन गेली. दिवाणखान्यात पंचवीसतीस बायका, काळ्या साड्या, बाहेर स्वच्छ ऊन. प्रत्येक बाई तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवत होती. “तिळगूळ घे, गोड बोल.” दरवर्षी हेच म्हणतात, यात नवं काही नाही. पण यंदा म्हणताना एकेक काकू तिचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवत होती. “गोड बोल हं, हिमानी.” “गोड बोल.” सातव्या की आठव्या वेळी हिमानीनं हात मागे घेतला.

कोपऱ्यात तिची मैत्रीण अनया दिसली. मोर्चात हिच्याच हातात भोंगा होता, घसा बसेपर्यंत ओरडली होती.

“अनया, तुझेपण फोटो जातायत का? प्रोटेस्टचे?”

“विच प्रोटेस्ट?” अनयानं शांतपणे विचारलं.

“राले! आपण दोघी होतो.”

“मी नव्हते गं,” अनया म्हणाली. हसली नाही, नजरही चुकवली नाही. हिमानीनं फोटो दाखवायला फोन काढला आणि मग तिला आठवलं, दाखवायला काही उरलेलंच नाही. क्षणभर तिची स्वतःचीच खात्री डळमळली.

तेवढ्यात मागून शोभना काकूंचा आवाज आला. चकलीची रेसिपी मागावी तशा सुरात त्या नीलांबरीला म्हणत होत्या, “अगं, तो तुझा प्रॉम्प्ट मलाही पाठव ना. अनयाच्या आईचं काम झालं, आता आमच्या अमेयचं पण करायचंय.”

नीलांबरीनं वळून पाहिलं. हिमानी मागेच उभी होती.

गाडीत बसल्यावर आईनं काही लपवलं नाही. फोटो तिनंच एकेक करून काढले होते. घरात पहिल्यापासून पासवर्ड एकच, ठाण्याच्या घराचा जुना फोन नंबर. हिमानीनं तो कधी बदलला नव्हता. दुसरा कोड येतो तोही आईच्या फोनवर, कारण शाळेत असताना तोच नंबर दिला होता. आमच्या लोकांना हेर लागत नाहीत.

“मेल तू लिहिलीस?”

“एआयनं लिहिली. प्रॉम्प्टमध्ये तुझे सगळे लेख, सगळ्या मेल्स दिल्या त्याला. अगदी तुझ्यासारखं लिहितं गं.” आईनं कपाळाचं कुंकू पुसल्यासारखा हात फिरवला. “मुंबईहून तुला परत येऊ दिलं नाही तर? तुला तिथल्या रिक्षावाल्याशी बोलता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हिमानी.”

“तू तो लेख वाचलास तरी का?”

सिग्नल लाल होता. समोर बघत, आपल्या ठाण्याच्या इंग्रजीत, आई बोलू लागली. चहाचं वाक्य, मग त्याच्या पुढचं, मग काउंटरवरच्या चौघांचं. एकही शब्द न चुकता, आरती म्हणावी तशी. सिग्नल हिरवा झाला तरी थांबली नाही. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

“पाठ झालाय,” ती म्हणाली. “नाव काढायला मला तीन दिवस लागले.”

हिमानीला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदमच. घरी पोचल्या पोचल्या तिनं पासवर्ड बदलला आणि उभ्याउभ्याच अमनला लिहिलं: ‘ती मेल माझी नव्हती. माझं नाव परत घाल.’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘सॉरी, पण ही तुझी वाटत नाही. आधीची वाटली होती. कोणी हॅक केलंय का? फोन कर.’

तिनं फोन लावला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती अडवत नव्हती. तिच्यामागे फ्रिजवर मुंबईच्या अपॉइंटमेंटचा कागद लोहचुंबकानं लावलेला होता. आणखी एकोणीस दिवस.

“हिमानी? सांग, घालू नाव?”

हो म्हणायचं होतं. एवढंच. त्यासाठी तिनं तोंड उघडलं. दातात तीळ अडकला होता.

“हाय अमन,” ती म्हणाली, “सो सॉरी, परत त्रास देतेय. सध्यापुरतं नुसतं स्टाफच ठेवशील? लाँग स्टोरी.” आवाज तिचाच होता, हसरा, गोड. “यू आर द बेस्ट.”

पलीकडे अमननं सुटकेचा निःश्वास टाकला.

“हां,” तो म्हणाला, “आता वाटतेयस तू.”