बीटाचं गणित आणि माझा मेहुणा

आमच्या अंजूरला आता भात कमी, गोडाऊनं जास्त. जमिनी गोडाऊनला गेल्यापासून गावात जो तो शहाणा झालाय. माझा मुलगा त्यातला वरच्या नंबरचा. बारावीतल्या आपल्या पोरीला, म्हणजे माझ्या नातीला, त्याने बजावलं, "फिजिक्समध्ये उडालीस तर कॉलेज बंद. लग्न लावून देईन."

मी चौथी नापास. पण नात नापास होणं मला मंजूर नव्हतं. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून धडा वदवून घ्यायला लागलो.

धडा किरणोत्साराचा, म्हणजे अणूतून आपोआप बाहेर पडणाऱ्या अल्फा, बीटा नि गॅमाचा. अल्फा मला लगेच पटला. रेडियममधून निघताना वजनातले चार नि नंबरातले, म्हणजे अणुक्रमांकातले, दोन घेऊन जातो, मागे रेडॉन उरतो. दोन्हीकडची बेरीज तीच. गडी जड, पण साधा कागदही त्याला अडवतो. गॅमा म्हणजे पुढारी. तो बाहेर पडला तरी ना वजन हलतं ना नंबर, पण अडवायला शिशाची जाड भिंत लागते.

घोडं अडलं बीटावर. चौदा वजनाच्या कार्बनमधून बीटा गेला, वजन चौदाच राहिलं, नि नंबर सहाचा सात! म्हणे नायट्रोजन झाला.

"चूक हाय," मी म्हणालो. "जाणारा गेल्यावर आकडा वाढंल कसा?"

"क्लासचे सर म्हणाले, पाठ करा."

"पाठच करायचं तर सर कशाला? पोपट पाळू."

मी काही ऐकेना. शेवटी ती चिडली. "आजोबा, जाणाऱ्याचा आकडाच उणे एक आहे! सातात उणे एक मिळवा. किती?"

"सहा." मी मांडीवर थाप मारली. "म्हंजे उणं बाहेर गेलं की घर वाढतं! तुझ्या आजीचा भाऊ आपल्याकडं राहायचा. सोता काम करायचा न्हाय, दुसऱ्याला करू द्यायचा न्हाय. तो गेला नि घर कामाला लागलं."

आत भाकरी थापायचा आवाज बंद झाला. "माझा भाऊ उणा काय?"

"मी कार्बनचं बोलतोय."

"मग कार्बनकडंच जेवा आज."

नात हसून लोळली. पेपरात नेमका बीटा आला. आजीचा भाऊ आठवून तिने तो बरोबर सोडवला, नि फिजिक्समध्ये काठावर का होईना, पास झाली.

आता ती कल्याणच्या कॉलेजात जाते. मुलगा स्वतः गाडीने सोडायला जातो आणि नाक्यावर सांगत फिरतो, "पोरीला शिकवायचंच, हे मी आधीपासून ठरवलं होतं."