न चाखलेलं सांबारं

बायको गेल्यापासून अकरा महिने इथे आखातात, जनाबियातल्या आमच्या स्वयंपाकघरात फक्त चहा झाला. जेवण पिशवीतून दारात येई. एका दुपारी मुलगी फोनवरून मान वर करत म्हणाली, "बाबा, तू फेमस आहेस. रोज पार्सलवर जगणाऱ्यांना जपानी लोक नेटवर चिडवतात, त्यासाठी स्पेशल शब्द आहे." तिला जपानी कॉमिक्सचं वेड. तो शब्द माझ्या जिभेवर बसेना, तशी ती पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग मला आठवलं, पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध.

आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाची वाडी दाखवतात. केळीच्या पानावर जेवण वाढून घराबाहेर कावळ्यासाठी ठेवायचं. ते घरात रांधलेलंच हवं, आणि त्याआधी कुणी चाखायचं नाही. बायकोला काळ्या वाटाण्याचं सांबारं प्रिय. मला भात लावण्यापलीकडे काही येत नव्हतं.

दर शुक्रवारी सराव सुरू केला. पहिलं सांबारं इतकं खारट झालं की मुलीने थेट फोन उचलला. "यल्ला बाबा, चल, ऑर्डर करते."

"नको. पुढच्या शुक्रवारी बघ."

श्राद्धाच्या सकाळी वाटण छान परतलं गेलं, वाटाणे मऊ शिजले, आणि सरावाच्या सवयीने मी डाव जिभेला लावला. चव नेमकी जमली होती!

"खलास," मुलगी म्हणाली. मग हळूच, "पण कुणाला कळणार आहे?"

"मला."

पातेलं बाजूला सारलं. धास्तीने दुप्पट वाटाणे भिजवले होते, त्यातले उरलेले शिजत घातले. बायको रोजच्या स्वयंपाकातही कधी चाखत नसे. तळहातावर मीठ घेऊन क्षणभर बघायची. मीही बघितलं, चिमूटभर डब्यात परत टाकलं, उरलेलं पातेल्यात सोडलं.

कंपाउंडच्या भिंतीवर पान ठेवून आम्ही दारात उभे राहिलो. ऊन चढत होतं. एक कावळा आला, भाताला चोच लावली, मग सांबाऱ्याला, आणि ओरडून दुसऱ्याला बोलावलं.

तेव्हा आम्ही जेवायला बसलो. मीठ बरोबर होतं. एरवी चार घासांत उठणाऱ्या मुलीने ताट पुसून घेतलं आणि पुढे केलं.

"वाढ अजून. आणि तो शब्द विसर, तुला आता लागू नाही."

चाखलेलं पातेलंही संध्याकाळपर्यंत संपलं.