अंगावरचे कपडे बघणारी बाई

माणसं देव बघायला प्रवास करतात, समुद्र बघायला करतात, आणि आमच्या भागात मुलगी बघायला तर अख्खी जीप भरून निघते. पण अनोळखी माणसांनी आज अंगात काय घातलंय, एवढंच बघायला रजेचा अर्ज टाकून, स्टीलच्या डब्यात दशम्या आणि ठेचा बांधून, एकटीनं परक्या शहरात जाणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती सहा वर्षं माझ्याच खोलीत राहत होती.

धडगावला एका सरकारी कचेरीत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा ती तिथे जुनी झालेली होती. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, लग्न न केलेली, मूळची नंदुरबारजवळच्या कोरीटची, खात्यापित्या शेतकरी घरातली. एका निवृत्त मास्तरांच्या घराची मागची खोली तिनं घेतली होती, तिच्यात मी भागीदार झाले. खोलीत शिरल्या शिरल्या तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझी ओढणी माझ्या खांद्यावरून काढून दुसऱ्या बाजूनं टाकली. मग चहा ठेवला. नाव तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. मी तिला ताई म्हणू लागले आणि ती मला नुसतं "बाई" म्हणायची, आपल्याकडे कोणालाही म्हणतात तसं.

वर्षातून तीन-चार वेळा ती निघायची. सुरत तर तिला अंगणासारखी. इंदूर, अहमदाबाद, पुणे, हैदराबाद, एकदा थेट कलकत्ता. दुकानात ती फारशी शिरायचीच नाही. दुकानातल्या कपड्यांविषयी तिचं मत वाईट होतं. तिच्या अहिराणीत म्हणायची, "आंगवर चढना म्हंजे कपडाले जीव येस." म्हणून ती कोर्टाच्या फाटकासमोर बसायची, कॉलेजच्या कट्ट्यावर बसायची, मोठ्या दवाखान्याच्या बाहेर, भाजीबाजाराच्या तोंडाशी, जिथे माणसं आपल्या कामात असतात आणि आपल्याकडे कोणी बघतंय हे विसरलेली असतात तिथे. मांडीवर वही. वहीत शिसपेन्सिलीनं काढलेल्या बाह्या, गळे, निऱ्या, आणि बाजूला दोन-दोन शब्द. कलकत्त्याच्या एका म्हातारीनं पुरुषाचं मोठं घड्याळ ब्लाउजच्या लांब बाहीवरून बांधलं होतं, ते हिनं पाहिलं आणि पुढे दोन वर्षं आमच्या कचेरीत ही तसंच घड्याळ बांधून आवक-जावक नोंदवत होती. इंदूरला एक पेरूवाली साडीवर नवऱ्याचा चौकड्यांचा शर्ट घालून बसली होती. त्या शर्टाची कॉलर हिला इतकी आवडली की परत येताच तिनं शर्टाच्या कापडाचे तीन कॉलरवाले ब्लाउज शिवले. साहेबांनी पहिल्या दिवशी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. महिन्याभरात साहेबांच्या मिसेसनी तसाच ब्लाउज शिवायला तिच्याकडे कापड पाठवलं.

घाटातल्या जीपमधून उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर एक बोट धूळ असते. हिच्या अंगावर नसायची. जुन्या चादरीचा तिनं पायघोळ अंगरखा शिवला होता, डोक्यावर टोपीसकट. जीपमध्ये बसताना ती त्यात शिरायची आणि धडगावच्या चौकात उतरल्यावर तो काढून झटकायची. आतून ती अशी निघायची की चहाच्या टपरीवरचे लोक कप हातात धरून थांबत. बाजाराच्या दिवशी डोंगरातून पावरा आदिवासी बायका चांदीचे दागिने घालून उतरत, तेव्हा ती पायरीवर बसून त्यांच्याकडे तासन्‌तास बघायची. पण वहीत त्यांचं काही काढायची नाही. मी एकदा म्हटलं, तो गळ्यातला प्रकार तुला शोभेल. तर माझ्यावरच उखडली. "ते त्यासनं शे," म्हणाली, त्यांचं ते त्यांच्याकडेच राहावं. उचलावं काय आणि नुसतं बघून सोडून द्यावं काय, याचे तिचे स्वतःचे कायदे होते.

लग्नाचंही असंच झालं होतं म्हणे. शहाद्याकडचं स्थळ आलं, माणूस शिकलेला, सज्जन. पोहे झाले, प्रश्न झाले, मंडळी गेली. भावानं विचारलं तर ही म्हणाली, "मानूस चांगला शे, पन तेन्ही पँट तेन्ही नही." पायाशी जुन्या शिलाईची खूण तिला दिसली होती, कोणा उंच माणसाची पँट दुमडून शिवलेली. चौकशी केली तर खरंच मोठ्या भावाची निघाली. मला बघायला येताना जो स्वतःचं घालून येत नाही त्याच्या घरात मी कशी राहू, असं ती म्हणे, आणि त्यानंतर घरच्यांनी नाद सोडला.

मला तिनं कधी सोबत नेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं गोडीनं नाही म्हटलं. सोबत कोणी असलं की माणूस सोबतच्याच तोंडाकडे बघतो, रस्त्याकडे बघत नाही, हे तिचं म्हणणं. मला थोडं लागलं, पण शहरातून आली की ती खाटेवर वही पसरून मला सगळं दाखवायची, एखाद्या अनोळखी बाईच्या निऱ्या स्वतःच्या अंगावर करून दाखवायची, तेव्हा ते लागलेलं निघून जायचं.

मग पाचव्या वर्षी तिच्यात बदल झाला. ती लोकांना ओळख देईनाशी झाली. कोणी बाजूनं नमस्कार केला तर ही सरळ नाकासमोर बघत पुढे. दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, पाण्याचा हंडा पायानं लवंडायची आणि हंडा मध्ये ठेवला म्हणून मला बोलायची. कचेरीत लोक म्हणू लागले, शहरं बघून बाईला मस्ती आली. मी तिची बाजू घेत होते, पण एका बाजारी ती माझ्याच कोपराला घासून गेली. मी हाक मारली नाही, बघावं म्हटलं. तिनं मानसुद्धा वळवली नाही. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. ते आठ दिवस मला आजही परत हवे आहेत.

अहमदाबादला ती रस्ता ओलांडत होती, भर दुपारी, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. डाव्या बाजूनं आलेल्या स्कूटरनं तिला उडवलं. वहीच्या पहिल्या पानावर कचेरीचा नंबर होता, त्यावर कोणा भल्या माणसानं फोन केला. मी आणि तिचा भाऊ गेलो. हात मोडला होता, कपाळाला टाके पडले होते. इतकी मोठी स्कूटर दिसली कशी नाही, असं विचारल्यावर ती म्हणाली की स्कूटर नव्हतीच, एकदम आली. त्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंना शंका आली आणि त्यांनी डोळे तपासायला लावले. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ संपलेला, उजव्याला नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसत होतं. या रोगात आधी कडा जातात, मधलं शेवटी, त्यामुळे माणसाला कळत नाही, असं त्यांनी समजावलं. गेलं ते परत येणार नव्हतं. थेंब आणि ऑपरेशननं राहिलेलं टिकेल, टिकलं तर.

भाऊ बाहेर जाऊन रडला. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, पडताना साडी कुठे फाटली का. मी म्हटलं, नाही. खरं तर ती कापून काढावी लागली होती.

ऑपरेशन झालं, थेंब सुरू झाले. तरी वर्षभरात ती नळी बारीक बारीक होत गेली. कचेरीत तिला उभ्याउभ्या करायची कामं दिली, मग बसून करायची, मग कोणतीच नाही. आणि एका दुपारी तिनं मला विचारलं की सुरतेला येशील का. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी लगेच हो म्हटलं.

आदल्या दिवशी आम्ही नंदुरबारला माझ्या आईकडे उतरलो आणि सकाळच्या गाडीनं निघालो. तिनं आमसुली रंगाचा कुर्ता घातला होता, कलकत्त्याच्या वहीतला, स्वतः शिवलेला. आईच्या घरात आवरताना तिनं मला मदतीला येऊ दिलं नव्हतं. स्टेशनवर उजेडात आल्यावर माझ्या लक्षात आलं की कुर्ता उलटा घातलाय. खांद्यावरच्या शिलाया बाहेर, काखेतले दोरे बाहेर, मानेमागचा कापडाचा तुकडा वर. मी तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, सांगितलं तर तिचं मन मोडेल, आजच्या दिवशी नको. ओढणी तिच्या खांद्यावर नीट पसरली आणि गाडीत चढले.

सुरतेला एका कॉलेजसमोर आम्ही बसलो. मी सांगायचं, तिनं ऐकायचं. मी पहिल्यांदा म्हटलं, एक मुलगी येतेय, लाल ड्रेस आहे. तर ती म्हणाली, "लाल म्हंजे कोनता लाल? मिरचीना का डाळिंबना का ईटना?" मला सांगता येईना. मी आयुष्यभर नुसतं लाल बघितलं होतं. तिनं मला धारेवर धरलं, बाही कुठे संपते, चालताना घेर फिरतो का अंगाला चिकटतो, चपलेचा आवाज येतोय पण टाच कसली आहे. दोन तासांत मी घामाघूम झाले, पण मला दिसायला लागलं. एक प्राध्यापिका आली, तिच्या साडीचा काठ आणि छत्रीचा दांडा एकाच शेवाळी रंगाचे होते, आणि ते मी तिनं न विचारता सांगितलं. तिनं माझ्या मांडीवर थाप मारली. तेवढी एक थाप मला त्या दिवसाची आठवण म्हणून पुरली असती.

पण उन्हं तापली, तिनं ओढणी काढून मांडीवर घेतली, आणि मी समोर बघण्यात इतकी रमले होते की ते माझ्या लक्षातच आलं नाही. दोन मुली मागून गेल्या. एक हसली, आणि दुसरी गुजरातीत म्हणाली की मावशीनं उलटं घातलंय. वाईट मनाच्या नव्हत्या, पोरीच त्या. ताईला गुजराती चांगलं कळायचं. तिनं हात खांद्यावर नेला, शिलाई चाचपली, मग काखेपर्यंत बोट फिरवलं. मग माझ्याकडे तोंड करून, म्हणजे मी जिथे असेन असं तिला वाटलं तिकडे तोंड करून, तिनं विचारलं,

"तुले सकायपाशीन दिखी ऱ्हायंतं ना?"

मी हो म्हटलं, सकाळपासून दिसत होतं.

"मंग सांगं का नही?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या क्षणी मलाच घाणेरडं वाटलं. मला तिची दया आली होती. जिनं पहिल्याच दिवशी माझी ओढणी बदलली तिला मी दिवसभर उलट्या कपड्यात लोकांसमोर बसवलं होतं, दयेपोटी. मी माफी मागितली. ती म्हणाली, चल, गाडी चुकेल. स्टेशनच्या स्वच्छतागृहात तिनं कुर्ता सुलटा केला, मी दाराबाहेर उभी होते. गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, जणू बाहेर काही दिसतंय.

भांडण झालं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलायची, फक्त मला काही विचारायची नाही. पुढे तिनं मुदतीआधी नोकरी सोडली आणि भाऊ तिला कोरीटला घेऊन गेला. जाताना वह्यांचा गठ्ठा तिनं मास्तरांच्या घरी बंबात टाकायला दिला. मी तो मागितला नाही. मला धीर झाला नाही.

माझी बदली नंदुरबारला झाली, लग्न झालं. कोरीट तिथून काही लांब नाही, तरी जायला मला दीड वर्ष लागलं. गेल्या हिवाळ्यात गेले. ती ओट्यावर खाटेवर बसली होती. अंगात मळखाऊ रंगाचा ढगळ गाऊन. भावजय चांगली बाई, तिनं मला आत नेऊन सांगितलं की तसलेच चार गाऊन आणलेत, घालायला सोपे, उलटं-सुलटं काही कळत नाही. तिनं ते प्रेमानंच केलं होतं. मी मात्र चहा अर्धा ठेवून बाहेर ओट्यावर आले.

आता काहीच दिसत नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो, असं ताईनं सांगितलं. मी म्हटलं, आपण परत जाऊ सुरतेला, यावेळी मी सगळं सांगेन, सगळं. ती हसली. "आते कोनले देखाले जाऊ, बाई," म्हणाली. रागानं नव्हे, दमलेल्या माणसासारखं. मग ती मला कापसाचं, केळीच्या बागेचं, भाचीच्या परीक्षेचं सांगत राहिली आणि मी हो हो करत राहिले. माझ्या परतीच्या बसची वेळ होत आली.

उठताना मी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून माझ्या मनगटावर ठेवला, तिथून वर कोपरापर्यंत, कोपरापासून खांद्यापर्यंत, दोन बोटांत बाहीचं कापड धरून बघत गेली. शिंप्यासारखी. खांद्याच्या शिलाईशी थांबली. शिलाई हाडाच्या दोन बोटं खाली उतरली होती. गेल्या चार महिन्यांत मी किती वाळले होते ते घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, नवऱ्याच्या नाही, सासूच्या नाही, कचेरीत रोज समोर बसणाऱ्यांच्याही नाही.

"बाही ढिली पडनी शे," ती हळूच म्हणाली. "बारीक व्हयी गयी तू. काय व्हयनं?"

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. भावजयीनं आतून हाक दिली की गाडी आली. मी खाली बसले. बस थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. ताईनं बाही सोडली नव्हती, आणि मी कोणालाच न सांगितलेलं तिला सांगायला लागले.