करवतीचे दाते

कटंगीची सत्यभामा कोष्टीण जन्मात एकदाच संग्रहालय बघायला गेली, आणि तिथं भांडून आली.

साल ब्याऐंशीचं. बालाघाटला एका संस्थेनं दोन खोल्यांत जुनी कारागिरी मांडली होती. लेक साधना तिथंच कॉलेजात. ती हट्टानं आईला घेऊन गेली. बांबूच्या टोपल्या, पितळी दिवे सत्यभामानं चालता चालताच पाहिले. हे तर आपल्या बाजारात मिळतं, म्हणाली. मग काचेमागं एक टसर रेशमाचं लुगडं दिसलं आणि तिचे पाय रोवले गेले. लाल काठाला करवतीसारखे दाते. तिचा बाप असंच विणायचा. आडवा धागा नेणारे धोटे तीन: मधल्या अंगाला एक, काठांना दोन. पलीकडून धोटा झेलायला एक माणूस लागायचाच. लहानपणी तो माणूस म्हणजे तीच.

खाली हातभर लाकडी पाटी होती. साधनानं वाचली, “अब इसे कोई नहीं बुनता.”

तिथला कारभार बघणारे गुणाकरराव भला माणूस. पाटी काढा म्हटल्यावर ते हसले. कोणी विणलेलं आणून दाखवा, लगेच काढतो, म्हणाले.

“दाखवीन,” सत्यभामा म्हणाली. “तवर तिले आणखी खिळे नोका ठोकू.”

लिहिता येत नव्हतं. काचेला नाक लावून तिनं दात्याच्या पायऱ्या मोजल्या आणि पायरीगणिक पदराला एक गाठ मारली. परतीच्या बसमध्ये शेजारणीनं विचारलं, नवस केला काय? हौ, म्हणाली, पाटीचा.

कोष्ट्याच्या घरी बाई सुताच्या कांड्या भरते, मागावर पुरुष बसतो. नवरा पुनाराम साधे पंचे विणायचा. माहेरचं टसरचं सूत पेटीतून काढून ती मागावर बसली, तेव्हा तो म्हणाला, लोक हसतील.

“हसू द्या. तुम्ही पलीकडं बसा न् धोटा झेला.”

दोन दिवस तो ओसरीवर पाठ फिरवून बसला. पण झेलायला कोणी नाही, म्हणून तिचा धोटा दर खेपेला खाली पडे, खट्ट. उपाशी राहील, पण धोटा पडल्याचा आवाज कोष्ट्याला सोसत नाही. तिसऱ्या दिवशी तो आत आला, आणि जमीन टोचते म्हणून कुरकुरत बसला.

पहिला वीतभर काठ वाकडा आला. तिनं उकलला. दुसराही उकलला. दाते सरळ येईपर्यंत गाठींचं ते लुगडं तिनं धुतलं नाही. सासू नाक दाबून फिरली.

दिवाळीनंतर दीड हात कापड घेऊन ती बालाघाटला गेली. गुणाकररावांनी ते उलटसुलट पाहिलं, काचेतल्याशी ताडून पाहिलं, आणि पाटी उपटली. हा तुकडाही काचेत ठेवू, म्हणाले.

“काचेत काहून? हे अंगावर घ्याले हाये. मले पाटी द्या.”

पाटी बसमधून मांडीवर घरी आली. सत्यभामानं ती मागाच्या पलीकडं नवऱ्याच्या बसायच्या जागी ठेवली, अक्षरं वर करून, आणि पुनारामला म्हणाली, “घ्या, आता जमीन टोचत नाही.”