चहा कुणी मोजतं का?

झोप लागत नाही म्हणून मी कॉफी सोडली. कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करते. तिथे दर दोन तासांनी कुणीतरी सगळ्यांसाठी कॉफी करतं. महिनाभर मी नेटाने नाही म्हटलं. डोकं ठणकायचं, झोप मात्र होती तशीच.

शेवटी आमच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टर बाईंकडे, तक्रार घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "दिवसात चहा किती होतो?" मी म्हटलं, "असेल पाच-सहा कप." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला रागच आला. चहा कुणी मोजतं का? उठल्यावर एक, नवरा उठला की त्याच्याबरोबर एक, कामावरून आल्यावर आलं घालून उकळलेला एक, आणि कुणी घरी आलं की न विचारता ठेवायचा तो वेगळाच.

मग तोही सोडला, तरी झोप नाहीच. आता संध्याकाळी नवरा एकट्यापुरता चहा टाकतो आणि कप घेऊन वर जातो. पूर्वी चहा उकळेपर्यंत आम्ही गॅसपाशी उभं राहून काहीबाही बोलायचो. ते तेवढंच बोलणं होतं, हे आत्ता कळलं.

परवा आईने फोनवर विचारलं, "आता लागते ना गं झोप?" इतकी वर्षं मी तिला सांगत आले होते, की कॉफी फार होते, म्हणून डोळा लागत नाही. आता सांगायला काहीच उरलं नव्हतं.

"हो, लागते," मी म्हटलं.