हुरमतबीच्या हातची आंघोळ

युसूफ वडगावात मुसलमानाच्या घरी बाई गेली, की हुरमतबीला बोलावणं यायचं. मयताला आंघोळ घालायचं हे काम तिनं सासूकडून उचललं होतं आणि तीस वर्षांत त्याच्या बदल्यात कुणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नव्हता.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता ताहेरा कोसळली. तेवीस वर्षांची पोर. मुकादमानं नाडी चाचपली, ‘संपली’ म्हणाला. चौघांनी बाजेवर घालून तिला घरी आणलं.

टँकर येऊन तीन दिवस झालेले. शेजारच्या केसरबाईनं स्वतःच्या घरचा शेवटचा हंडा उचलून आणला. चादरींचा आडोसा झाला. हुरमतबीनं ताहेराच्या अंगावर कापड पांघरलं, बिस्मिल्ला म्हणून पहिला तांब्या ओतला. अंग चटका बसावा इतकं तापलेलं होतं. उन्हातून आणलंय, तिला वाटलं. तिसऱ्या तांब्याला ताहेराच्या गळ्याची शीर हलली.

हुरमतबीच्या हातातला तांब्या गळून पडला. तिनं नाकापुढं तळवा धरला. बारीक, गरम वाफ लागली.

“जित्ती हाय!” ती ओरडली. “अगं, पोर जित्ती हाय!”

बायका किंचाळत अंगणात पळाल्या. केसरबाई तेवढी आत आली. दोघींनी उरलेला हंडा तिच्या अंगावर रिचवला, ओल्या फडक्यांनी वारा घातला. सोसायटीच्या ट्रॅक्टरवर घालून ड्रायव्हर धोंडीरामनं तिला केजच्या दवाखान्यात पोचवलं.

सगळं गाव हुरमतबीला दुवा देत होतं. ती मात्र दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. केसरबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा तिचे दोन्ही हात धरून हुरमतबी म्हणाली, “गेल्या महिन्यात खैरूनला आणलं. तीच खडी, तेच ऊन. तिचं बी अंग गरम होतं, केसर. मी धुतलं तिला. कफन घातलं. मी कावून बघितलं न्हाई?”

केसरबाई हात न सोडवता तिच्याजवळ टेकली.

तिसऱ्या दिवशी हुरमतबी उठली ती थेट सोसायटीचे चेअरमन आप्पा यांच्या दारात गेली.

“कामावर सावली पायजे. पाण्याचा पिंप पायजे. मी बसते तिथं.”

आप्पा चाचरले. “चाची, तुमचं काम मयताचं. ह्यात तुमी कशाला पडता?”

“आमच्यात उम्मे अतिया म्हणून बाई होऊन गेली. पैगंबरसाहेबांची लेक वारली तवा तिनं आंघोळ घातली. पण तीच बाई लढाईत जखमींची सेवा करायची, त्यांना रांधून घालायची. मी अर्धंच शिकले, आप्पा. नुसतं मेल्यावरचं.”

आप्पांनी सोसायटीतली खताची रिकामी पोती दिली आणि रोज एक पिंप ट्रॅक्टरवर पाठवायचं कबूल केलं. पोती शिवून मांडव झाला. त्या उन्हाळ्यात तिथं सात माणसं चक्कर येऊन पडली. कुणी वंजाऱ्याचं, कुणी मांगाचं, कुणी पिंजाऱ्याचं. हुरमतबीनं ओलं फडकं घालताना कुणाला जात विचारली नाही. सहा जण पायी घरी गेले. सातवी, दगडाबाई, वाचली नाही. तिच्या छातीला कान लावून हुरमतबी तासभर तशीच बसून होती. लोकांनी बळंच उठवलं.

ताहेरा जगली. पण जिवंतपणी आपल्याला मयताची आंघोळ घालणारी हुरमतबी समोरून येताना दिसली, की ती पदर ओढून दुसऱ्या गल्लीत वळायची. हुरमतबीनं कधी हाक मारून तिला थांबवलं नाही.