दातांनी ऐकणारे दांडूकाका

आमच्या गल्लीच्या टोकाला दांडूकाकांचं गॅरेज होतं. काका डाव्या कानाने ठार बहिरे, उजव्याने जेमतेम. तरी जुनी गाडी घेताना लोक त्यांनाच सोबत न्यायचे. हातभर लांब लाकडी दांडक्याचं एक टोक ते इंजिनाला लावायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. नाव त्यावरूनच पडलेलं.

मला तेव्हा एका लाल गाडीने येडं केलं होतं. टर्बोवाली, दोन दारांची. बायकोला नववा महिना आणि मी निघालो दोन दारांची गाडी घ्यायला! शनिवारी तिला हायवेने सुसाट माहेरी सोडायचं, तेही ह्याच गाडीतून, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

गाडीचा मालक दातांचा डॉक्टर. आम्ही पोचलो तेव्हा गाडी दवाखान्यासमोर सुरूच होती.

"तुमच्यासाठी तापवून ठेवलीय," डॉक्टर हसून म्हणाले.

काकांनी बॉनेटवर तळहात टेकवला. "बंद करा. गार इंजिन सुरू होतानाच खरं बोलतं. उद्या सकाळी येतो. तोवर चावी लावायची नाही."

डॉक्टर बरं म्हणाले. माझं मात्र डोकं फिरलं. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं. रस्त्यातच मी काकांवर ओरडलो, "अर्धे बहिरे तुम्ही, तुम्हाला आवाजातलं काय कळणार!" हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं.

सकाळी काका माझ्या आधी हजर. इंजिन गार. काकांनी दांडका तोंडात धरला तसे डॉक्टर त्या दातांकडे बघून कासावीस झाले. तरी त्यांनी सेल्फ मारला, जरा रेस दिली, सोडली. काकांनी डोळे उघडले, दांडका शर्टाला पुसला आणि मला दिला. "आता तू."

मला कानांनी काही म्हणता काही कळलं नव्हतं. दांडका दातांत धरला आणि रेस सोडताच ठक, ठक, ठक थेट कवटीत. डॉक्टरांना विचारून काकांनी ऑइल फिल्टर काढून कापला. आतला कागद उन्हात पसरला, तर त्यावर तांबूस कण चमकत होते.

"क्रँकवरचं बेअरिंग झिजलंय. हायवेला दामटलीस की इंजिन चालता चालता जाम होईल. मागे ट्रक असेल, आणि शेजारी कोण असेल ते तुला माहीत आहे."

डॉक्टरांचा चेहरा पडला. ते मुद्दाम फसवत होते असं मी आजही म्हणणार नाही. मी गाडी न घेताच घरी आलो.

शनिवारी काकांनी आपणहून त्यांची खटारा गाडी दिली. खडखडत, पण सुखरूप पोचलो. मी तिथेच थांबलो; नऊ दिवसांनी मुलगी झाली.

गाडी परत करायला गेलो तेव्हा गॅरेजमध्ये ग्राइंडर चालू होता. मुलीची बातमी ओरडून सांगितली, ती पोचली. पण "चुकलो काका" हे काही ओरडून सांगता येईना. मी दोनदा पुटपुटलो. ते दोनदा "काय?" म्हणाले.

मग त्यांनी दांडका उचलला. एक टोक दातांत धरलं, दुसरं हलकेच माझ्या गळ्याला टेकवलं आणि डोळे मिटले.

"चुकलो, काका," मी म्हणालो. "माझी दोन माणसं तुमच्यामुळे सुखरूप आहेत. हे मी जन्मात विसरणार नाही."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग दांडका तोंडातून काढून शर्टाला पुसला.

"साफ आहे," म्हणाले. "कुठे खडखड नाही."